आनंदराजच्या गाडीचं रनिंग

जुनी गाडी पाळणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते, आणि विकून का टाकत नाही. आम्हा चौघांना हे इतक्या वेळा विचारून झालं होतं की रविकिरणनं एक ठरीव उत्तर करून ठेवलं होतं, "ॲव्हरेज मी बायकोला सांगितलं न्हाई, तुम्हाला कसं सांगू?"

चौघांकडे एकच मॉडेल. पंचवीस वर्षांपूर्वीची होंडा सिटी, व्हीटेक इंजिनाची. दिसायला साधी, बँकेच्या मॅनेजरला शोभावी अशी. पण पाय दाबून धरला आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या पुढे सरकला की तिचा आवाज बदलतो. गणिताच्या मास्तरांनी शिकवता शिकवता एकदम पोवाडा सुरू करावा, तसं काहीतरी होतं. तो आवाज एकदा ऐकला की माणूस कामातून गेला. आम्ही चौघेही गेलो होतो.

मी अमरनाथ, लातूरला मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. धडकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतो त्यातलं खरं किती ते कंपनीला कळवायचं, हा माझा धंदा. म्हैस आडवी आली असं मला आजवर इतक्या जणांनी सांगितलं आहे की आमच्याकडच्या म्हशींना दुसरं काम नसावं. कुणी काही सांगितलं की मी आधी टायरचे ओरखडे बघतो. सांगायचा मुद्दा, विश्वास ठेवण्याचे मला पैसे मिळत नाहीत.

दर रविवारी सकाळी आम्ही अहमदपूरला जमायचो. लातूरहून मी आणि रविकिरण, नांदेडहून आनंदराज. गुरुलिंगचं गॅरेज अहमदपुरातच, मार्केट यार्डाच्या पुढे. समोरच्या हॉटेलात चहा घ्यायचा, चारी गाड्यांची बॉनेटं उघडायची आणि तासभर एकमेकांच्या गाडीला नावं ठेवायची. कुणी स्प्रिंगा कापून गाडी बसकी केली, कुणी सायलेन्सर बदलला, की मी माझं कीर्तन सुरू करायचो. "बदल कंपनीला कळवला का? न्हाई ना? मग ठोकल्यावर क्लेमच्या नावानं चांगभलं." रविकिरण हात जोडायचा. त्याची लातूरला डाळमिल आहे. घरात नव्या मोठ्या दोन गाड्या असताना हा गडी जुन्या गाडीखाली आडवा झोपलेला असायचा. हौसेला मोल नसतं, दुसरं काय.

आनंदराज सगळ्यांत कमी बोलायचा. नांदेडला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता. बायको लुंबिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मूलबाळ नव्हतं. त्यानं गेल्या वर्षी स्वतःच्या हातानं गाडीचं इंजिन खोललं. मेकॅनिक लावला नाही. घराशेजारी पत्र्याचं शेड टाकलं आणि आठ महिने संध्याकाळचे तिथंच काढले. त्या काळात लुंबिनीवहिनींच्या इडलीपात्रात व्हॉल्व्ह असायचे आणि धुण्याच्या टबात गिअरबॉक्सचं झाकण. वहिनी एकदा आम्हाला म्हणाल्या होत्या, "सवत असती तर तिला निदान घासून-पुसून तरी ठेवावं लागलं नसतं."

इंजिनात नव्या रिंगा टाकल्या की पहिले हजारभर किलोमीटर गाडी जपून चालवावी लागते. काटा तीन हजारांच्या वर न्यायचा नाही, एकाच वेगानं रेटायची नाही, नव्या भागांना एकमेकांची सवय होऊ द्यायची. याला रनिंग काढणं म्हणतात. यात आमची एक रीत आहे, गुरुलिंगनं घालून दिलेली. ज्याचं इंजिन त्यानंच रनिंग काढायचं. दुसऱ्याच्या हाती स्टिअरिंग द्यायचं नाही. इंजिनाला एकच पाय कळला पाहिजे.

आनंदराज रनिंग काढत होता तेव्हा त्याच्याइतका धीमा माणूस नांदेड रोडवर दुसरा नसेल. अर्धापूरकडून येणारे केळीचे ट्रक त्याला हॉर्न मारून पुढे जायचे. एकदा तर ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॅक्टरनं त्याला मागे टाकलं, आणि ही बातमी त्याच्या आधी अहमदपूरला पोचली. आम्ही हसून हसून बेजार झालो. तो आपला बशीत चहा ओतत म्हणाला, "हसा. रनिंग होऊ द्या एकदा. पहिला दाब लुंबिनीला शेजारी बसवून द्यायचा हाय. तवर तो आवाज कुणालाच ऐकू देनार न्हाई, मला सुदिक न्हाई."

रनिंग थोडंसंच उरलं होतं. एका गुरुवारी ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. पंचेचाळीसचासुद्धा नव्हता.

*

आमच्यात आणखी एक रीत आहे. एखादी गाडी संपली की ती भंगारवाल्याला द्यायची नाही. आधी वाटे पडतात. ज्यांच्याकडे तेच मॉडेल आहे त्यांनी लागेल तो भाग न्यायचा. भाग बाजारात मिळत नाहीत, आणि आपल्या माणसाच्या गाडीचा भाग आपल्या गाडीत चालता राहिला तर बरंही वाटतं. आनंदराजची नोंदणी मार्चअखेर संपत होती. वहिनींना गाडी येत नव्हती. दिराचं म्हणणं, जागा मोकळी करा. वहिनी त्या दिवसांत कशालाच नाही म्हणत नव्हत्या. "न्या," म्हणाल्या.

आम्ही नेली. रविकिरणची गाडी धूर टाकत होती म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स त्याला. गुरुलिंगच्या गाडीचे दरवाजे गंजले होते म्हणून दरवाजे काचांसकट त्याला. मला स्टिअरिंग. माझ्या जुन्या चाकाचं आवरण सोलून निघालं होतं. उरलेलं धूड गुरुलिंगच्या गॅरेजमागे लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. रनिंग अर्धवट राहिलेलं इंजिन दुसऱ्याच्या गाडीत घालू नये, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात ते आलं नाही.

महिनाभरानं रविकिरण चहाच्या टेबलावर तक्रार घेऊन आला.

"तीन हजाराच्या वर जाऊनच न्हाई राहिली."

"केबल सैल असंल," गुरुलिंग म्हणाला.

केबल बदलली. पेट्रोलचा पंप तपासला. सेन्सर एकेक काढून माझ्या गाडीतले लावून बघितले. स्कॅनर लावला तर एकही दोष दाखवेना. गिअर न टाकता जागेवर उभी करून रविकिरणनं पाय पार खाली दाबला, तरी काटा तीन हजारांवर येऊन थांबला. इंजिन धडपडत नव्हतं, धूर नव्हता, आवाजात कुरकुर नव्हती. छान, गोल आवाजात ते तीन हजारांवर चालत राहिलं. गुरुलिंगनं स्कॅनर गुंडाळून ठेवला आणि तो हात पुसत आत गेला.

माझ्याकडचा प्रकार मी कुणाला सांगितला नव्हता. माझी गाडी इमारतीच्या खाली, बंद पार्किंगमध्ये असते. तिथं ऊन कधीच येत नाही. थंडीचे दिवस, सकाळी गाडीत बसलं की सीटसुद्धा बोचते. पण स्टिअरिंगला हात लावला की चाकाचा उजवीकडचा वरचा भाग कोमट लागायचा. एखाद्यानं नुकताच हात काढून घ्यावा तसा. बाकी चाक गार. पहिल्यांदा वाटलं, भास. मग वाटलं, वायरिंग तापत असेल. वायरिंग काढून बघितलं. शेवटी करोनात घेतलेला कपाळाला लावायचा थर्मामीटर शोधून काढला आणि सकाळी बायको उठायच्या आत खाली गेलो. चाकाच्या खालच्या भागावर त्यानं नुसतं "लो" दाखवलं. वरच्या उजव्या भागावर धरला तर आकडा आला. छत्तीसच्या थोडा वर.

मी तो परत डब्यात ठेवला आणि कामावर गेलो. दिवसभर एका बुडालेल्या ट्रकचा सर्व्हे केला. रात्री जेवताना उजवा हात पुन्हा पुन्हा धुवावासा वाटत होता, आणि धुवावासा वाटतही नव्हता. आनंदराज एका हातानं गाडी चालवायचा. उजवा हात तिथंच असायचा.

पुढच्या रविवारी गुरुलिंगच म्हणाला, "ड्रायव्हरकडची काच रोज सकाळी दोन बोटं खाली ऱ्हाते."

"रातच्याला तूच विसरत असशील," मी म्हणालो.

"स्विचची वायर काढून ठिवली म्या. तरी दोन बोटं."

रविकिरण हसायला गेला आणि मध्येच थांबला. मग मी थर्मामीटरचं सांगितलं. त्या रविवारी कुणी बॉनेट उघडलं नाही.

*

लुंबिनीवहिनी आल्या त्या एका रविवारी सकाळी, नांदेडहून एसटीनं. येणार असल्याचं कळवलंही नव्हतं. स्वेटर, खांद्याला शाळेची पिशवी, केस घट्ट बांधलेले. चार महिन्यांत बऱ्याच वाळल्या होत्या. आम्ही गडबडीनं उठलो. गुरुलिंगनं खुर्ची पुसली.

"वहिनी, फोन करायचा. न्यायला आलो असतो."

"बसा भाऊजी, बसा. मला एक विचारायचं हाय. सरळ सांगा." त्यांनी चहाचा कप हातात धरला, पण ओठाला लावला नाही. "रविकिरण भाऊजी, तुम्ही रोज सकाळी आमच्या गल्लीत गाडी घिऊन येता का?"

रविकिरणनं माझ्याकडे पाहिलं. "न्हाई वहिनी. लातूरहून रोज कसा येऊ?"

"मग इंजिन कुणाचं येतं?" वहिनी शाळेत प्रश्न विचारावा तसं विचारत होत्या, अगदी शांत. "रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी ती गाडी दारात येऊन उभी ऱ्हाते. सावकाश येते, रनिंगमधली असल्यावानी. मी पळत बाहेर जाते तर गल्ली मोकळी. आठ महिने त्या इंजिनासंगं संसार केला मी. मला त्याचा आवाज कळत न्हाई व्हय?"

गुरुलिंग हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला.

"आमच्या घरात भूतबित कुणी मानत न्हाई, भाऊजी. मी बी मानत न्हाई. पोरांना वर्गात सांगते, कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, सोता बघा. म्हणून मीच इचारायला आले."

रविकिरणचा चेहरा उतरला होता. तो खाली टेबलाकडे बघत म्हणाला, "किती वाजता येतो आवाज?"

"सहाच्या सुमाराला."

"मी त्याच वेळेला चालू करतो." त्यानं कप बाजूला सारला. "मिलला जायच्या आधी. कुठं जात न्हाई. नुसता चालू करून बसतो, शेडात. त्यानं हातानं जोडलंय ते इंजिन, वहिनी. चालू केलं की... म्हंजे बरं वाटतं जरा."

डाळमिलचा मालक, दिवसभर हमालांवर ओरडणारा माणूस. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. सव्वाशेहून जास्त किलोमीटरांवर लातूरच्या शेडात हा इंजिन चालू करायचा, आणि नांदेडच्या गल्लीत वहिनींना ते ऐकू यायचं. माझ्या धंद्यात अशा गोष्टीला रकाना नाही.

मग गुरुलिंगनं काचेचं सांगितलं. वहिनींनी कप खाली ठेवला.

"मला गाडी लागते," त्या म्हणाल्या. "सारं बंद असलं की मळमळतं. म्हणून ते त्यांच्याकडची काच दोन बोटं उघडी ठेवायचे. माझ्याकडची उघडली की केसात धूळ जाते म्हणून." उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या मागून उदगीरची एसटी गेली. "तुकड्या-तुकड्यानं येऊन ऱ्हायलेत ते. एक लातूरला, एक हितं. कसं व्हावं त्यांचं?"

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी मग सांगितलं. गाडी पुन्हा एकत्र जोडायची. नोंदणी संपायच्या आत एकदा, एकदाच, त्यांना डाव्या सीटवर बसून अहमदपूरहून नांदेडला घरी जायचं होतं. आनंदराजनं कबूल केलेलं होतं. त्यानंतर आम्ही भाग परत न्यावेत, विकावेत, काहीही करावं.

मला वाटलं होतं रविकिरण लगेच हो म्हणेल. तो उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी मागे गेलो.

"देतो की मी," तो म्हणाला. "पण मग सकाळी काय करू रे अमर?"

मीही रोज सकाळी चाकावर हात ठेवून बसत होतो. तेवढा वेळ मी कुणाला कधी देत नाही.

*

गाडी जोडायला तीन आठवडे गेले. रविकिरणनं इंजिन स्वतः टेम्पोत घालून आणलं. त्याखाली गोधडी अंथरली होती. मी माझ्या वाट्याची कामं केली. गाडी वारस म्हणून वहिनींच्या नावावर करून घेतली, विमा उतरवला. पंचवीस वर्षांच्या गाडीला कंपन्या भाव देत नाहीत, नुसता थर्ड पार्टी मिळतो. एजंटानं विचारलं, मालकीणबाईंकडे लायसन्स नाही, चालवणार कोण? मी माझं नाव सांगितलं. संध्याकाळी वहिनींना फोन करून म्हणालो, "मी चालवीन सावकाश, काळजी करू नका." त्या "बघू" म्हणाल्या. मला वाटलं, संकोच वाटत असेल.

स्टिअरिंग मी माझ्या हातानं त्याच्या गाडीला लावलं. त्याच्या आदल्या सकाळपर्यंत ते कोमट होतं. त्याच्या गाडीत बसवल्यावर सगळीकडून सारखं गार झालं. दरवाजे चढवले आणि गुरुलिंगनं रोज सकाळी बघितलं. काच वर असायची. इंजिन चालू केलं तर जागेवर सहज चार हजारांपर्यंत गेलं, गुरुलिंगनंच घाईनं पाय काढला. वहिनींना फोन करून विचारलं. गल्लीतला आवाजही बंद झाला होता.

म्हणजे सगळं सुरळीत झालं होतं. मला हायसं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाही. पार्किंगमध्ये माझ्या गाडीत जुनं सोललेलं चाक परत लावलं आणि त्यावर हात ठेवला तेव्हा मला इतकं एकटं वाटलं की मी तसाच वर गेलो आणि बायकोला म्हणालो, "आनंदराज गेला गं." तिला काही कळेना. तो जाऊन पाच महिने होऊन गेले होते.

*

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. सकाळचे साडेआठ झाले असतील. ऊन चढलेलं, मार्केट यार्डाच्या रस्त्यावर हरभऱ्याच्या पोत्यांचे टेम्पो लागलेले. गॅरेजच्या दारात गाडी उभी होती, धुऊन पुसून. पांढरा रंग जागोजागी पिवळट झालेला, पण चारी दरवाजे तिचे तिला परत मिळालेले.

वहिनी एसटीनं आल्या. निळी साडी नेसल्या होत्या. पिशवीतून डबा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. "धपाटे हायत भाऊजी. तुम्ही तिघं खावा. आमचा डबा माझ्यापाशी हाय."

मी किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. थंड इंजिनावर गाडी काढायची नाही, थोडं गरम होऊ द्यायचं, म्हणून हँडब्रेक ओढून, गिअर काढून मी खाली उतरलो आणि दार लावलं. वहिनी डावीकडे जाऊन बसल्या. त्यांनी पदर सावरला, पिशवी मांडीवर घेतली, बेल्ट लावला. मग त्या समोर बघत बसल्या, शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारख्या.

आम्ही तिघं बॉनेटजवळ उभे होतो. रविकिरण कान देऊन ऐकत होता. गुरुलिंगनं बॉनेट लावलं. मी वळून ड्रायव्हरच्या दाराकडे निघालो.

गाडी खाली बसली.

उजव्या अंगानं. मी दोन हातांवर होतो. आधी बरीच खाली गेली, मग किंचित वर आली आणि स्थिरावली. स्प्रिंग तुटली तर आवाज होतो, टायर बसला तर हवा सुटते. मी आयुष्यभर हेच बघत आलो आहे. आवाज झाला नव्हता. माणूस सीटवर बसला की गाडी जशी बसते, तशी ती बसली होती.

"गुरू," रविकिरण हळूच म्हणाला, "जॅक काढला ना रे?"

"कवाच काढला."

सीट रिकामी होती. तिचं कापड ताणलेलं होतं, मधोमध दबलेलं.

वहिनी तिकडे बघत नव्हत्या. त्यांनी मान खाली घातली होती. गाल ओले होते, आणि त्या हसत होत्या. लग्नाच्या फोटोत हसतात तसं, ओठ मिटून.

मी दाराच्या मुठीला हात घातला.

"भाऊजी." त्यांनी मान वर केली. "तुम्ही मागं बसा."

माझ्या तोंडात विम्याचा, लायसन्सचा कुठलातरी नियम आला होता. तो मी गिळला. मुठीवरचा हात काढून घेतला.

मागे बघितलं. गुरुलिंग जमिनीकडे बघत होता. रविकिरणनं दोन पावलं माघार घेतली होती, आणि त्याचे हात छातीशी जोडलेले होते.

मला भीती वाटत होती. ते मी अजून कबूल करतो. पण त्याहून जास्त मला त्याच्याबरोबर जायचं होतं. बाकी काही नाही. एक रविवार.

मी मागचं दार उघडून आत बसलो. दार लावलं. आत पेट्रोलचा आणि धुतलेल्या साडीचा वास होता.

वहिनींनी मान उजवीकडे वळवली.

"सावकाश घ्या हं," त्या म्हणाल्या, "भाऊजी मागं बसलेत."

हँडब्रेक खाली गेला.